सोळा नंबरची लाईन : ग्राफिक्स ॲक्सिलरेशन पुन्हा पुन्हा बंद पडतं तेव्हा

सकाळी मशीन चालू केलं की सगळं सुरळीत. दुपारी अडीच-तीनला माउस अडखळायला लागतो, विंडो ओढली तर तुकड्यातुकड्यानं सरकते, ग्राफ मोठा करून बघायचा म्हटलं तर तेवढ्यात चहा येऊन कप रिकामा होतो. रीस्टार्ट मारला की पुन्हा ठणठणीत. मग चार दिवस काही नाही आणि पाचव्या दिवशी परत तेच. या एका तक्रारीपायी मी अडीच महिने अक्कलकोट रोड एमआयडीसीला खेटे घातले. दोष शेवटी सापडला, पण तो ग्राफिक्स कार्डात नव्हता, ड्रायव्हरमध्ये नव्हता आणि सोलापूरच्या उन्हातही नव्हता. थोडा माझ्याच हातचा होता. असंच कुणाचं होत असेल तर निदान त्याचे खेटे वाचावेत म्हणून सगळं क्रमानं लिहितोय, चुकांसकट.

कारखाना टॉवेल आणि चादरींचा. डिझाइनची खोली शेडच्या कोपऱ्यात, काचेच्या पलीकडे लूम धडधडतायत. चार कॉम्प्युटर. दोन विंडोजवर, त्यांवर जॅकार्डचं मुख्य सॉफ्टवेअर चालतं. दोन लिनक्सवर, त्यांवर ग्राफ साफ करणं, रंग भरणं आणि पत्ते (मागावर नक्षी ठरवणारे भोकांचे पुठ्ठे) पंच करणाऱ्या जुन्या मशीनला फाइल पाठवणं ही कामं. पंचिंगचं मशीन इतकं जुनं आहे की त्याला फक्त सीरियल केबल कळते. म्हणून त्या लिनक्स मशीनच्या पोटात एक जुनं पीसीआय (कार्ड बसवायच्या जुन्या पद्धतीच्या स्लॉटचं) सीरियल कार्ड बसवलेलं आहे. हे कार्ड ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. त्यांचं निदान पहिल्या दिवसापासून पक्कं होतं.

"कार्ड गेलंय रे. बेचाळीस डिग्रीत माणसं टिकंनात, कार्ड काय टिकतंय? बदलून टाक की."

"बदलू अण्णा, पण आधी बघू तर द्या."

"बघ की. पण चादरीची ऑर्डर अडली तर तू विणायला बसायचं."

बघितलं. कॅबिनेट उघडलं तर पंख्याला रुईच्या तंतूंची पार गोधडी झालेली. ती काढली, प्रोसेसरची पेस्ट बदलली, पॉवर सप्लाय बदलून बघितला, रॅम काढून-घालून झाली. प्रत्येक वेळी चार दिवस बरे गेले आणि प्रत्येक वेळी मला वाटलं, झालं काम. कधीमधी उपटणाऱ्या रोगात हा मोठा धोका असतो. शेवटचं जे केलं त्यानंच बरं झालं असं वाटत राहतं.

आधी खात्री करा की ॲक्सिलरेशनच बंद आहे

कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, कीबोर्डवर अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि आकडे मारायचे.

टर्मिनलमध्ये जीएलएक्सइन्फो -बी चालवा. त्यात रेंडररच्या ओळीत तुमच्या कार्डाचं नाव असेल तर ॲक्सिलरेशन चालू आहे. तिथं 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं, तर कार्ड हातावर हात ठेवून बसलंय आणि चित्र काढायचं सगळं काम प्रोसेसर करतोय. नुसती विंडो हलवली तरी प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो, तो त्यामुळंच.

एलएलव्हीएमपाइप दिसलं म्हणून लगेच इंटरप्टच्या मागं लागू नका. त्याची दोन साधी कारणं आधी उडवून टाका. कुणीतरी कधीतरी कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, सुरुवातीला दिल्या जाणाऱ्या ओळीत 'नोमोडसेट' लिहून ठेवलेलं असतं, ते कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन केलं की दिसतं. दुसरं म्हणजे कार्डाची फर्मवेअर फाइलच नसते, ते लॉगमध्ये सरळ लिहिलेलं असतं. ही दोन्ही कारणं कायमची असतात, मशीन चालू केल्यापासूनच रडतं. सकाळी बरं आणि दुपारी आजारी, असा प्रकार असेल तरच पुढं वाचा.

रीस्टार्ट मारायचा नाही

माझे दोन महिने गेले ते एका सवयीमुळं. मशीन अडलं की डिझाइनची पोरं रीस्टार्ट मारायची. साहजिक आहे, त्यांना काम संपवायचं होतं. मी नवी पेठेतून गाडी काढून पोचेपर्यंत मशीन छान चाललेलं असायचं आणि मी डीमेसेज (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) बघायचो. आता डीमेसेजमध्ये फक्त या वेळच्या बूटचे संदेश असतात. आदल्या बूटचा पुरावा रीस्टार्टबरोबर गेलेला असतो. चोरी झाल्यावर घर झाडून-पुसून पोलिसांना बोलावण्यातला प्रकार.

आदल्या बूटचा लॉग बघायचा तर जर्नलसीटीएल -के -बी -१. पण त्यासाठी लॉग डिस्कवर साठवलेला असावा लागतो. /व्हार/लॉग/जर्नल नावाचा फोल्डर नसेल तर बऱ्याच मशीनवर लॉग फक्त मेमरीत राहतो आणि रीस्टार्टला पुसला जातो. तो फोल्डर तयार करून मशीन एकदा चालू-बंद केलं की झालं. हे काम पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. मी केलं नवव्या फेरीला.

दहाव्या फेरीला लॉगमध्ये ही ओळ सापडली (आयआरक्यू म्हणजे इंटरप्टची लाईन, ती काय ते पुढं येतंच):

आयआरक्यू १६: नोबडी केअर्ड (ट्राय बूटिंग विथ द आयआरक्यूपोल ऑप्शन)

तिच्याखाली 'हँडलर्स' असं लिहून तीन फंक्शनची नावं. शेवटी: डिसेबलिंग आयआरक्यू #१६.

त्यानंतर काही मिनिटांनी ग्राफिक्स ड्रायव्हरची रडारड सुरू. कार्ड अडकलं, रीसेट करतोय, रीसेटनंतरची चाचणी फसली. पण ती सगळी परिणामांची यादी. कारण वरच्या तीन ओळींत.

बेल अडकली म्हणजे नेमकं काय होतं

इंटरप्ट म्हणजे एखाद्या उपकरणानं प्रोसेसरला मारलेली हाक. कार्डानं दिलेलं काम संपवलं, कीबोर्डवर कळ दाबली, सीरियल पोर्टवर अक्षर आलं, की हाक. प्रोसेसर हातातलं काम बाजूला ठेवून त्या उपकरणाच्या ड्रायव्हरला विचारतो, काय हवंय.

जुन्या पद्धतीत ही हाक तारेवरून जायची आणि तारा मोजक्या. आयएसए स्लॉटच्या, म्हणजे पीसीआयच्याही आधीच्या, काळात १५ लाईन वापरता यायच्या. साउंड कार्ड ५ नंबरवर, प्रिंटर ७ नंबरवर, आणि जंपर बदलता बदलता नखं तुटायची. नंतर आयओ-एपीआयसी (हाका प्रोसेसरपर्यंत पोचवणारी चिप) आलं, त्याला साधारण २४ लाईन. त्यातल्या १६ ते २३ पीसीआय उपकरणांच्या वाट्याला. उपकरणं जास्त, लाईन कमी, म्हणून वाटून घ्यायच्या.

जुन्या वाड्यात चार बिऱ्हाडं आणि रस्त्याच्या दाराला एकच बेल, तसं हे. बेल वाजली की चौघंही डोकावतात, माझ्याकडं कोण आलंय का? ज्याचा पाहुणा तो दार उघडतो आणि पाहुणा बटणावरचं बोट काढतो. वाटून घेतलेली लाईन अशीच चालते. उपकरण बटण दाबून धरतं आणि ड्रायव्हरनं त्याचं म्हणणं ऐकल्यावरच सोडतं.

आता समजा पाहुणा निघून गेला, पण बटण आतच रुतून बसलं. बेल वाजतेय, वाजतेय. चौघंही बघून आले, कुणाकडंच कोणी नाही. 'नोबडी केअर्ड' म्हणजे हेच. लिनक्स कर्नल शेवटच्या १,००,००० हाका मोजतो. त्यातल्या ९९,९०० पेक्षा जास्त हाकांना कुणीच ओ दिली नसेल तर तो ठरवतो की ही लाईन पिसाळलीय, आणि तारच काढून टाकतो. त्याचंही बरोबरच आहे. नाही काढली तर प्रोसेसर दुसरं काहीच करू शकणार नाही.

पण तार काढली की चारही बिऱ्हाडांची बेल गेली. ज्यांचा या भानगडीशी काही संबंध नाही, त्यांचीसुद्धा. आमच्याकडं १६ नंबरच्या वाड्यात ग्राफिक्स कार्ड राहत होतं.

लाईन बंद केल्यावरही कर्नल तिला अगदी वाऱ्यावर सोडत नाही. सेकंदाला १० वेळा जाऊन स्वतःच डोकावतो, कोणी आलंय का म्हणून. माउस मरत नाही, अडखळतो, तो याच्यामुळं. पडद्याला सेकंदाला ६० वेळा बदलायची सवय आणि त्याला भेटायला माणूस येतोय दहाच वेळा. पोरं म्हणायची, "सर, पिक्चर अडकल्यागत चालतंय." तंतोतंत वर्णन होतं ते. मीच ऐकलं नाही, मी उष्णतेच्या मागं होतो.

यादीत न दिसणारा भाडेकरू

कॅट /प्रॉक/इंटरप्ट्स केलं की प्रत्येक लाईनवर कोण कोण राहतं आणि किती हाका आल्या ते दिसतं. वॉच -एन१ लावून चालवलं तर आकडे डोळ्यांसमोर वाढताना दिसतात. सकाळी, मशीन बरं असताना, १६ नंबरची ओळ अशी होती:

१६: ४८२१३ ० ० ० आयओ-एपीआयसी १६-फास्टईओआय ईएचसीआय_एचसीडी:यूएसबी१, रेडियॉन

म्हणजे या वाड्यात यूएसबी आणि ग्राफिक्स, एवढेच दोघं. मी यूएसबीवर संशय घेतला. कीबोर्ड बदलला, माउस बदलला, पुढच्या पॅनेलची वायर काढली. एक आठवडा त्यात गेला.

मग लॉगमधल्या हँडलर्सच्या तीन नावांकडं लक्ष गेलं. यादीत दोन भाडेकरू आणि पंचनाम्यात तीन? तिसरं नाव होतं सीरियल८२५०_इंटरप्ट. सीरियल पोर्टचा ड्रायव्हर पोर्ट उघडलेलं असतं तेवढ्यापुरताच लाईनवर नाव लावतो. पोर्ट बंद झालं की पाटी काढून घेतो. सकाळी पंचिंग चालू नसायचं, म्हणून सकाळच्या यादीत तो दिसायचाच नाही. त्याच दिवशी डिझाइनवाल्या एका पोरानं सहज सांगितलं की मोठ्या बॉर्डरचे पत्ते लावले की अर्ध्या तासात हे होतं. पत्ते दुपारी लावायचे, कारण सकाळी डिझाइन पास व्हायचं. ऊन आणि पंचिंग एकाच वेळी यायचं आणि आम्ही सगळ्यांनी मिळून उन्हाला धरलं होतं.

पुन्हा बिघडलं तेव्हा मी तिथंच होतो. आकडा लाखाच्या पटीपाशी येऊन खिळलेला. हीसुद्धा एक खूण. कर्नल लाखा-लाखाच्या टप्प्यानं हिशोब करतो, त्यामुळं निकाल लागतो तोही टप्प्याच्या शेवटी. एखाद्या लाईनचा आकडा असा थांबलेला दिसला आणि त्याच लाईनवरचं उपकरण वापरूनही हलत नसला, तर ती लाईन मेलीय.

जोसेफ मारी जॅकार्डनं १८०४ मध्ये भोकं पाडलेल्या पत्त्यांवर चालणारा माग दाखवला आणि पुढं कॉम्प्युटरला माहिती भरवायला तेच पत्ते उचलले गेले. दोनशे वर्षांनी त्याच पत्त्यांपायी सोलापुरात एक कॉम्प्युटर अडकतोय, हे अण्णांना सांगितलं तर ते म्हणाले, "उपकार फेडतोय व्हय?"

मग बटण रुतलं कसं?

आताच्या मदरबोर्डवर खरी पीसीआय लाईन नसते. सगळं पीसीआय-एक्सप्रेस. जुना पांढरा स्लॉट दिला असेल तर मध्ये एक ब्रिज चिप असते, जी दोन्हीकडची भाषा बोलते. एक्सप्रेसमध्ये हाकेची तार नाही, तिच्या जागी दोन निरोप असतात. 'बेल दाबली' आणि 'बेल सोडली'. सीरियल कार्डानं बटण सोडल्यावर ब्रिजनं 'सोडली' हा निरोप पुढं पाठवायचा. काही ब्रिज चिपा गर्दीत हा दुसरा निरोप कधीतरी गिळतात. लाखांत एकदा गिळला तरी पुरे, बटण रुतलं. पंचिंगला फाइल जाताना सीरियल पोर्ट सतत हाका मारत असतो, म्हणून तेव्हाच.

हे तपासायला एलएसपीसीआय -टी चालवा. झाडासारखी रचना दिसते. संशयित कार्ड एखाद्या ब्रिजच्या फांदीला लटकलेलं असेल आणि ती फांदी पीसीआय-एक्सप्रेस ते पीसीआय ब्रिजची असेल, तर तुमचा संशय रास्त आहे. नंतर एलएसपीसीआय -व्हीव्हीमध्ये ग्राफिक्स कार्डाच्या मजकुरात दोन ठिकाणी बघा. 'इंटरप्ट: पिन ए राउटेड टू आयआरक्यू' यापुढचा आकडा, आणि 'एमएसआय: एनेबल' यापुढं अधिक आहे की उणं.

आमच्याकडं उणं होतं. इथून माझ्या चुकीची गोष्ट सुरू होते.

माझंच जुनं औषध

एमएसआय ही हाक मारायची नवी पद्धत. तार नाही, वाटून घेणं नाही. उपकरण मेमरीतल्या ठरावीक पत्त्यावर एक छोटी नोंद लिहितं आणि ती थेट प्रोसेसरला पोचते. वाड्याच्या बेलऐवजी प्रत्येकाचा स्वतःचा फोन. पीसीआय-एक्सप्रेसच्या उपकरणांना एमएसआय किंवा एमएसआय-एक्स यावंच लागतं. मग आमचं ग्राफिक्स कार्ड फोन सोडून वाड्याच्या बेलवर का बसलं होतं?

कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन केलं तर त्यात लिहिलेलं: पीसीआय=नोएमएसआय. सगळ्या मशीनचे फोन बंद, सगळ्यांनी बेलच वापरायची.

ते मीच लिहिलं होतं, या मशीनवर नाही, शेजारच्या दुसऱ्या लिनक्स मशीनवर, दोन-तीन वर्षांपूर्वी. त्या मशीनचा रोग बरोबर उलटा होता. तिथं चालू केल्या केल्याच ॲक्सिलरेशन बंद. लॉगमध्ये 'आयबी रिंग टेस्ट फेल्ड'. म्हणजे ड्रायव्हरनं कार्डाला एक बारकं काम दिलं आणि झालं म्हणून सांग म्हणाला. ते सांगणं कधी आलंच नाही. /प्रॉक/इंटरप्ट्समध्ये रेडियॉनची ओळ एमएसआयच्या रकान्यात होती, पण तिचा आकडा शून्यावर बसलेला. फोन दिलेला, पण रेंजच नाही. ड्रायव्हर दुसरं काय करणार? उत्तर न देणाऱ्या कार्डाच्या हाती तो पडदा देत नाही. तेव्हा मी पीसीआय=नोएमएसआय लावलं, कार्ड बेलवर आलं, मशीन सुरू झालं. अण्णांनी शेंगाचटणी-भाकरी खाऊ घातली होती, तेही आठवतंय.

मग पुढच्या वर्षी पहिल्या मशीनची डिस्क गेली आणि वेळ वाचवायला मी या दुसऱ्या मशीनची डिस्क जशीच्या तशी त्यावर कॉपी केली. माझी ओळही तिच्याबरोबर गेली. एका मशीनचं औषध दुसऱ्याच्या पोटात. त्या दिवसापासून धडधाकट ग्राफिक्स कार्ड उगाचच सीरियल कार्डाच्या शेजारी राहायला आलं.

काय केलं

पहिल्या मशीनवर, म्हणजे दुपारी अडणाऱ्या, बूट होताना ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) पडद्यावर ई दाबून पीसीआय=नोएमएसआय खोडलं आणि तसंच बूट केलं. ही पद्धत लावून घ्या. असा बदल एकाच बूटपुरता असतो, पडदा काळा झाला तर रीस्टार्ट मारला की जुनं परत. फाइलमध्ये लिहिण्याआधी प्रत्येक पर्याय असा चाखून बघायचा. बूट झाल्यावर ओळी अशा झाल्या. १६ नंबरवर फक्त यूएसबी, आणि रेडियॉन वेगळ्या ओळीत, पीसीआय-एमएसआय ५२४२८८-एज म्हणून. आकडा छान वाढतोय. पंचिंग लावलं. चाळीस मिनिटांनी नोबडी केअर्ड पुन्हा आलंच, १६ नंबर मेला, पण पडद्याला पत्ता नाही. ग्राफ झूम होतोय, विंडो पळतायत. फक्त पंचिंग मंद झालं आणि यूएसबीचा माउस अडखळला.

निदान पक्कं झालं, पण ब्रिजचा रोग तसाच होता. त्यावर दुसरं औषध नव्हतं, सीरियल कार्ड काढलं आणि यूएसबी ते सीरियल केबल लावली. पीसीआय स्लॉट रिकामा, ब्रिजच्या मागं कोणीच नाही, मग निरोप गिळणार कुणाचा? त्यानंतर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रबमधून ती ओळ काढली आणि अपडेट-ग्रब चालवलं.

तुमचं कार्ड काढणं शक्य नसेल तर दुसऱ्या स्लॉटमध्ये घालून बघा. प्रत्येक स्लॉटची लाईन वेगळी जोडलेली असते, त्यामुळं स्लॉट बदलला की वाडा बदलतो. बायोसमध्ये न वापरलेली उपकरणं, पॅरलल पोर्ट, फायरवायर, बंद केली तरी गर्दी कमी होते. बायोस अपडेटही बघा, लाईनची जोडणी बायोसच सांगतो आणि ती कधीकधी चुकीची सांगतो.

दुसऱ्या मशीनवर, जिथं एमएसआयच पोचत नव्हता, नोएमएसआय काढून फक्त रेडियॉन.एमएसआय=० लिहिलं. रोग एका कार्डाचा, तर औषध एका कार्डाला. नेटवर्क कार्ड, डिस्क कंट्रोलर यांचे फोन चालू राहिले. तुमच्याकडं नवीन एएमडी कार्ड असेल तर ड्रायव्हरचं नाव एएमडीजीपीयू, तिथंही असाच एमएसआय पर्याय आहे. तेव्हाच एवढं केलं असतं तर कॉपी झालेल्या ओळीचाही इतका ताप झाला नसता.

कर्नल सुचवतो म्हणून लगेच करू नका

त्या संदेशातच आयआरक्यूपोल वापरून बघा असं लिहिलेलं असतं, त्यामुळं सगळे आधी तेच करतात. आयआरक्यूपोल म्हणजे एखाद्या बेलला कुणी ओ दिली नाही की, आणि घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यालाही, सगळ्या वाड्यांतल्या सगळ्या बिऱ्हाडांना विचारत सुटायचं. काम चालतं, पण मशीनला चाळणीनं पाणी भरायला लावल्यासारखं होतं. दुकान बंद होईपर्यंत दिवस ढकलायला ठीक, कायमचं नको.

नोएपीआयसी आणि एसीपीआय=ऑफ हे त्याहून वाईट. नोएपीआयसी लावलं की २४ लाईनवरून तुम्ही परत त्या जुन्या १५ वर येता, म्हणजे गर्दी वाढते. कधीकधी वाटपच बदलल्यामुळं योगायोगानं बरं वाटतं, आणि मग लोक वर्षानुवर्षं ती ओळ जपून ठेवतात. एसीपीआय बंद केलं तर पंखे, पॉवर बटण, सगळ्याचाच कारभार विस्कटतो.

विंडोजवर हाच प्रकार वेगळ्या कपड्यांत येतो. कार्डानं साधारण २ सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हर रीसेट करतं, पडदा क्षणभर काळा होतो, आणि असं वारंवार झालं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड ४३, चित्र मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॉप्टरवर. कोड ४३ ला इतर कारणंही पुष्कळ आहेत, पण टास्क मॅनेजरमध्ये 'सिस्टीम इंटरप्ट्स' सतत वर दिसत असेल तर लाईन तपासा. सिस्टीम इन्फॉर्मेशन उघडून हार्डवेअर रिसोर्सेसखाली 'कॉन्फ्लिक्ट्स/शेअरिंग' बघितलं की कोण कुणाच्या शेजारी आहे ते कळतं. कार्डाच्या रिसोर्सेस टॅबमध्ये आयआरक्यूचा आकडा उणे दिसला तर घाबरू नका. उणे आकडा म्हणजे ते एमएसआयवर आहे, ते चांगलंच.

आता दोन्ही कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी कागद चिकटवलाय. कर्नलच्या ओळीत काय लिहिलंय, का लिहिलंय आणि कधी. डिस्क कॉपी करणारा पुढचा माणूस मीच असणार, आणि माझी आठवण कशी आहे ते आता सगळ्यांना माहीत आहे.

राहिली यूएसबी ते सीरियल केबलची एक खोच. पोर्टचं नाव बदलतं. आधी टीटीवायएस४ होतं, आता टीटीवाययूएसबी० झालं. पंचिंगच्या प्रोग्राममध्ये हे नाव बदललं नाही तर तो गप्प बसतो, काही बोलत नाही. वापरणाऱ्या पोराचं लॉगिन डायलआउट गटात नसेल तर 'परवानगी नाही' म्हणतो. आणि केबल दुसऱ्या यूएसबी उपकरणांबरोबर काढली-घातली तर शून्याचा एकसुद्धा होतो. म्हणून प्रोग्राममध्ये /डेव्ह/सीरियल/बाय-आयडी या फोल्डरमधलं लांबलचक नाव द्या, ते बदलत नाही. आम्ही पहिल्या दिवशी दिलं नव्हतं, आणि अण्णांचा फोन आला, "स्क्रीन झकास चालतीया बघ. पत्ते मात्र कोरे निघालेत."